दगूबाई, तांबू आणि मानेवरची गाठ

दगूबाईला कुणी सहज विचारलं, की बाई कशी आहेस, तर उत्तर देण्याआधी विचारणारी कशी आहे ते ती पाहून घ्यायची. समोरचीला ताप असला तर दगूबाईचा ताप तिच्याहून अंमळ चढाच असायचा. समोरची ठणठणीत असली तर दगूबाई तिच्याहून ठणठणीत. कोरीट गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी मनाला लावून घेत नसे. उलट विहिरीवर चार बायका जमल्या आणि दगूबाई आली नाही, तर पाणी ओढायलाही मजा येत नसे.

माहेर तिचं सारंगखेड्याचं. लग्नात वडलांनी तिथल्या यात्रेतून घोड्याच्या गळ्यात बांधायची पितळी घुंगुरमाळ आणून दिली होती. घोडा द्यायची ऐपत नव्हती, पण निदान घोड्याची माळ तरी लेकीच्या सासरी वाजू दे, असं त्यांना वाटलं असावं. दगूबाईनं ती माळ कितीतरी वर्षं मधल्या घरात खुंटीला टांगून ठेवली होती. कुणी विचारलंच तर सांगायची, घोडा माहेरी आहे, इथल्या चाऱ्यावर राहत नाही.

नवरा मगन पाटील. हा माणूस इतकं कमी बोलायचा, की नांगराला जुंपलेले बैलसुद्धा मान वळवून त्याच्या ‘हं’ची वाट पाहत उभे राहायचे. बोलायचं सगळं काम त्यानं लग्न झाल्या दिवशी बायकोकडे सोपवलं आणि तिनंही ते कधी अंगाबाहेर टाकलं नाही.

आता राहिली पार्वतीबाई. ही दगूबाईची थोरली जाऊ, मगनच्या मोठ्या भावाची, म्हणजे नवल पाटलाची बायको. सगळं गाव तिला जिजी म्हणायचं. जिजीचा स्वभाव धाकटीच्या बरोब्बर उलटा. दगूबाई ऐकलेलं लगेच बोलून टाकायची आणि संध्याकाळपर्यंत विसरायची. जिजी ऐकून घ्यायची, पोळी लाटत राहायची आणि जन्मभर विसरायची नाही. भाऊ वेगळे झाले तेव्हा अंगणात मातीची भिंत आली. भिंत घालताना मगननं एकदाच तोंड उघडलं आणि ती छातीच्या वर न्यायची नाही असं सांगितलं. त्यामुळे तिच्यावरून मिठाची वाटी देता येई, आणि पलीकडच्या चरवीत फेस किती आलाय तेही दिसे. दोघी जावांना भिंतीची हीच उंची पसंत होती.

गायीही अशाच वाटल्या गेल्या. घरच्या म्हाताऱ्या गायीच्या दोन कालवडी होत्या. अंगावर पांढरे ठिपके असलेली कवडी नवलकडे गेली आणि लालसर तांबू मगनकडे आली. तांबू दारात बांधली त्याच दिवशी घुंगुरमाळ खुंटीवरून उतरून तिच्या गळ्यात गेली. तेव्हापासून तांबूनं मान हलवली की अख्ख्या आळीला कळायचं, दगूबाईची गाय माशी उडवते आहे.

पुढचं समजायला देवीची गोष्ट माहीत हवी. फार पूर्वी, भिंत नव्हती आणि दोघींची पोरं मांडीवर होती तेव्हा, गावात देवीच्या रोगाची लस टोचणारा आला होता. त्यानं दोघींच्या पोरांच्या दंडावर टोचलं आणि आठवड्यानं पाहायला आला. दगूबाईच्या पोराच्या, भिलाच्या, दंडावर फोड असा टरारून उठला होता, की टोचणाऱ्यानंही शाबासकी दिली. जिजीच्या पोराचा दंड मात्र जसाच्या तसा. त्याला पुन्हा टोचावं लागलं, पोर रडलं, जिजीही रडली. आणि दगूबाई अंगणातच म्हणाली होती, “मन्हा पोऱ्याना आंगमा दम शे, म्हनीसन फोड उठना.”

त्यानंतर होळीला, दिवाळीला, कुणाच्या बारशाला, पोरं मिसरूड फुटण्याइतकी मोठी झाली तरी, पोराच्या अंगात दम म्हणून फोड उठला, हे वाक्य कोरीटात ऐकू येतच राहिलं. जिजी पोळ्या लाटत राहिली.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही हकीकत. माघ महिना होता, मिरचीचे दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे शेतात, खळ्यावर, घराच्या मातीच्या धाब्यावर, जिथं म्हणून सपाट जागा असेल तिथं लाल मिरची पसरलेली असते आणि माणसाच्या बोलण्यात दर चार शब्दांमागे एक खोकला येतो. त्याचं कुणालाच काही वाटत नाही. कवडी गाय मागच्या पावसाळ्यापासून खोकत होती, पण मिरची आल्यावर सगळा गावच खोकू लागला. आता गायीच्या खोकल्याकडे कोण लक्ष देणार? नवल पाटील म्हणायचा, गाय घरच्या माणसांसारखी वागायला लागली.

अशात एका सोमवारी नंदुरबारहून ढोरांचा डॉक्टर आला. तरुण होता. टोपी, खाकी अर्धी विजार आणि हातात चामड्याची पेटी. तिकडच्या एका दवाखान्याला आजारी पोरांसाठी रोज चांगलं गायीचं दूध हवं होतं आणि कोरीटच्या गायींचं नाव कुणीतरी सुचवलं होतं. गाय मात्र तपासून घ्यायची होती. नऊ-दहा गायी चावडीपुढे आणल्या गेल्या. डॉक्टरनं प्रत्येकीच्या मानेवरचे केस रुपयाएवढ्या जागेत भादरले, कातडीची चिमटी धरली, एका चिमट्यासारख्या मापानं तिची जाडी मोजली आणि बारीक सुईनं थेंबभर काहीतरी आत सोडलं.

तो म्हणाला, हे औषध नाही, ही परीक्षा आहे. गुरुवारी येऊन गाठ पाहीन, तोवर मानेला कुणी हात लावू नये. त्यापुढेही तो बराच बोलला. पण ते सरकारी मराठी होतं, त्यात प्रतिक्रिया होती, संसर्ग होता, ट्यूबर्क्युलिन होतं. घरी अहिराणी बोलणारा आमचा माणूस शाळेत असताना त्या मराठीला भितो आणि शाळा सुटल्यावर तिच्यापुढे नुसती मान डोलावतो. सगळ्यांनी मान डोलावली. डॉक्टरला वाटलं, समजलं. त्याला अजून पुढचं गाव करायचं होतं.

तो गेल्यावर एकमेकांकडे पाहणं सुरू झालं. परीक्षा म्हणजे पास आणि नापास असणार, एवढं कळलं होतं. पण पास कोण? तेव्हा दगूबाई पुढे झाली. हातात तांबूचं दावं, चेहऱ्यावर सगळं ठाऊक असल्याचं समाधान.

“देवी टोचतस तसंच शे हाई,” ती म्हणाली. “आंगमा दम ऱ्हायना ते गाठ उठस. नही ते सपाट.”

कुणाला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. देवी सगळ्यांनीच टोचून घेतल्या होत्या. सुई टोचली, उठलं तर चांगलं, नाही उठलं तर पुन्हा. सरकारच्या सुईचा दुसरा कुठला कायदा कोरीटाला माहीत नव्हता. जिची गाठ मोठी तिचं दूध दवाखान्यात जाणार, हे तिथंच चावडीपुढे ठरून गेलं आणि दगूबाई घुंगरं वाजवत घरी आली. तांबूची गाठ सगळ्यांत मोठी येणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. विहिरीवर तिनं तसं सांगूनही टाकलं.

मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी सकाळी दगूबाई शेण गोळा करत होती, तेवढ्यात भिंतीपलीकडून जिजीचं हसू ऐकू आलं. जिजीचं हसू ही रोज ऐकायला मिळणारी गोष्ट नव्हती. दगूबाई टाचा उंचावून पाहते तो काय, कवडीच्या मानेवर चांगली लिंबाएवढी गाठ, आणि जिजी तिला हळदीकुंकू लावते आहे. नवल पाटील कमरेवर हात ठेवून उभा. मिशांना फेस लागलेला, कारण रोज सकाळी कासेखालून ऊन ऊन दूध चरवीसकट तोंडाला लावायचं ही त्याची जुनी सवय होती. आळीतल्या बायका जमल्या होत्या आणि त्यांच्या हातावर गूळ पडत होता.

दगूबाईनं मागे वळून तांबूची मान चाचपली. सपाट. रात्रीत झोपेनं गाठ दबली असेल म्हणून तिनं कातडी ओढून पाहिली. तरी सपाट.

जिजी गुळाचा खडा घेऊन भिंतीशी आली. तो धाकटीच्या हातावर ठेवला आणि जणू काल दुपारचंच बोलणं पुढे चाललंय अशा आवाजात म्हणाली, “दगू, मन्ही कवडीना आंगमा दम शे. म्हनीसन गाठ उठनी.”

एवढंच. ती परत वळली आणि कवडीच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. त्या एका वाक्यासाठी तिनं किती होळ्या-दिवाळ्या वाट पाहिली, ते ती, देव आणि तिचं लाटणं यांनाच ठाऊक. पलीकडे दगूबाई हातावरचा गूळ खायचाही विसरली. त्यावर मुंग्या चढल्या तेव्हा भानावर आली.

मग तिनं हात-पाय हलवायला सुरुवात केली. आधी मानेवर गरम पाण्याचा शेक दिला. मग ज्वारीच्या पिठाचं पोटीस बांधलं. तांबूनं ते पोटीस खाली पाडून खाऊन टाकलं आणि आणखी आहे का म्हणून पाहिलं. दगूबाईनं धाब्यावरची मिरची आणून वाटायला घेतली, पण तिलाच इतका ठसका लागला, की तो बेत सोडावा लागला. दुपार झाली. उद्या डॉक्टर येणार होता आणि मान होती तशीच होती, रुपयाएवढी भादरलेली आणि तळहातासारखी सपाट.

फळीवर बिब्ब्यांचा डबा होता. सातपुड्यातला आमशा बाजाराला येताना चारोळी, डिंक आणि बिब्बे घेऊन यायचा, त्याच्याकडून घेतलेला. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की ते उततं, कातडी सुजते, लाल होते, फोड येतात, हे घरच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. दगूबाईनं डब्याकडे पाहिलं, तांबूच्या मानेकडे पाहिलं, आणि तिला आयुष्यात जे काही विचार सुचले होते त्यांतला हा सगळ्यांत हुशार वाटला.

रात्री आळी जेवून आडवी झाली होती. तिनं पहिल्यांदा घुंगुरमाळ काढली, म्हणजे तांबू मान झटकेल तेव्हा भिंतीपलीकडे कळायला नको. सुईवर बिब्बा धरून दिव्यावर तापवला, तेल पाझरलं तसं काडीवर घेतलं आणि टोचलेल्या जागी गोल फिरवलं. तेवढ्यात मगन बाहेर आला. त्यानं बायको पाहिली, काडी पाहिली, गाय पाहिली, आणि वर्षातलं एक वाक्य खर्च केलं.

“हात लावू नका सांगेल शे डॉक्टरनी.”

“मी हात कोठे लावी ऱ्हायनू?” दगूबाई म्हणाली. “मी काडी लावी ऱ्हायनू.”

मगन बैलांकडे गेला. दगूबाईनं काडी चुलीत टाकली, नाकावर बसलेला डास उडवला, गाल खाजवला आणि शांतपणे झोपली.

सकाळी तांबूच्या मानेवर जी गाठ होती, तिच्यापुढे कवडीची गाठ म्हणजे बोर. चांगली वांग्याएवढी, तांबडीलाल, वर काळपट झालेली आणि जरा ओली. दगूबाईचं मन भरून आलं. मग तिला आपला चेहरा जड वाटू लागला. तिनं घागरीच्या पाण्यात डोकावून पाहिलं. उजवा गाल वांग्याएवढा, तांबडालाल, वर काळपट. गाल खाजवला तेव्हा बोटाला बिब्ब्याचं तेल होतं.

खोबरं उगाळून लावलं, तीळ वाटून लावले. गाल आणखीच फुगला आणि वर तिळाचा वास यायला लागला. शेवटी तिनं पदर नाकाच्या खालपर्यंत ओढला. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावरून पदर घ्यायची रीत होतीच, आज तो हातभर जास्त खाली आला एवढंच. विहिरीवर बायका म्हणाल्या, दगूबाई आज नव्या नवरीसारखी दिसते. दगूबाई काही बोलली नाही, तेव्हाच खरं म्हणजे सगळ्यांना संशय यायला हवा होता.

दुपारी डॉक्टर आला. चावडीवर न थांबता आधी नवल पाटलाच्या अंगणात, कारण तिथं गर्दी होती. कवडी सजवून उभी केली होती. शिंगांना गेरू, कपाळावर हळद, गळ्यात झेंडूची माळ. नवल मिशांवर ताव देत होता. डॉक्टरनं माळ बाजूला केली, मापाचा चिमटा लावला. पुन्हा लावला. गायीचा खोकला ऐकला आणि केव्हापासूनचा म्हणून विचारलं. नवल म्हणाला, मिरचीचा आहे, आम्हालाही आहे.

डॉक्टरनं चिमटा खाली घेतला. या खेपेला तो सरकारी मराठी बोलला नाही.

“पाटील, या गायीला क्षय आहे,” तो म्हणाला. “गाठ उठली म्हणजे आजार आत बसलाय. नाही उठली, तर गाय निकोप. हिला गावाबाहेर वेगळी बांधा, हिचं दूध आजपासून कुणाच्या तोंडाला लागू देऊ नका. माणसालाही होतो हा.”

अंगणात मिरचीचा खोकलासुद्धा थांबला. नवलनं मिशी पुसली, जणू आज सकाळचा फेस अजून तिथंच होता. जिजीच्या हातात गुळाचं ताट होतं, ते तिनं हळूच ओसरीवर ठेवलं आणि कवडीच्या कपाळावरचं कुंकू पदरानं पुसायला लागली. ते पुसलं जाईना.

आणि मग, आधी एकानं, मग दुसऱ्यानं, सगळ्यांनी भिंतीपलीकडे पाहिलं. तिथं तांबू उभी होती आणि तिच्या मानेवर गावातली सगळ्यांत मोठी गाठ होती.

डॉक्टरनंही पाहिली. भिंतीवरूनच म्हणाला, ही तर हिच्याहूनही मोठी. दोघी एकाच गोठ्यात वाढल्या का? कुणीतरी हो म्हणालं. मग काही इलाज नाही, डॉक्टर म्हणाला, हिलाही सोडा, गावाबाहेर वेगळी बांधा. त्यानं मगनला खूण केली. मगन, सांगितलेलं काम करणारा माणूस, दाव्याची गाठ सोडायला वाकला.

दगूबाई गव्हाणीजवळ उभी होती. पदराखाली तिला एका डोळ्यानंच दिसत होतं, दुसरा गालानं झाकून टाकला होता. त्या एका डोळ्याला मगनची बोटं दाव्यावर दिसली. तोंड उघडलं तर आळी उरलेला जन्म हसणार होती आणि पहिलं हसू भिंतीपलीकडून येणार होतं. गप्प बसलं तर तांबू चालली. तांबूला कशाचंच काही नव्हतं. मगननं दावं ओढलं तशी तिनं सवयीनं मान हलवली आणि काहीच वाजलं नाही, कारण माळ दगूबाईनं स्वतःच काढून ठेवली होती.

“साहेब, तिले सोडू नका,” दगूबाई म्हणाली. “तिले काही नही व्हयेल. ती गाठ मन्ही शे.”

डॉक्टरला कळेना. तेव्हा दगूबाईनं, जेठ समोर उभा, गावची माणसं समोर उभी, असं असताना पदर कपाळापर्यंत सारला. अंगण एकदम मागे सरकलं. लग्नानंतर नवल पाटलानं भावजयीचं तोंड उजेडात पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तेही असं.

“हाई देखा,” ती म्हणाली. “जे तिन्ही मानवर शे, तेच मन्हा गालवर शे. बिबा लावा मी.”

“बिब्बा? कशाला?”

दगूबाईनं भिंतीकडे न पाहण्याचा प्रयत्न केला, पण पाहिलंच. “जिजीनी गायले उठनी, मन्हीले नही उठनी. म्हनीसन.”

डॉक्टर भिंतीला वळसा घालून आला. त्यानं तांबूची मान पाहिली, वास घेतला. मग त्यानं दगूबाईचा गाल पाहिला, मग पुन्हा तांबूची मान. आधी तो रागावायच्या बेतात होता, पण त्याच्या ओठांचं त्याच्याशी पटेना. शेवटी तो पेटी उघडून आत काहीतरी शोधत बसला आणि खांदे हलत राहिले. हसू आवरल्यावर मात्र त्यानं नीट बजावलं. कातडीचा सत्यानाश केला आहे, आता या गाठीवरून गाय आजारी का निकोप ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोन महिन्यांनी मानेच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा टोचावं लागेल. तोवर तांबू वेगळी बांधायची, दूध दवाखान्यात जाणार नाही, आणि घरात घ्यायचंच असेल तर खळखळून उकळल्याशिवाय नाही. नवललाही त्यानं नंदुरबारला जाऊन छाती दाखवायला सांगितलं.

हसायला आळीला हरकत नव्हती, पण कवडीच्या डोक्यावरचं हळदीकुंकू तसंच होतं आणि जिजी तिच्यापाशी बसली होती. दगूबाई भिंतीशी जाऊन उभी राहिली. जिजीनं वर पाहिलं, तो गाल पाहिला, आणि डोळ्यांत पाणी असताना तिला हसू फुटलं. मग ती म्हणाली, गालाला खोबरं नको लावू, तीळ दुधात वाटून लाव. लगेच तिला आठवलं, की दोन्ही घरच्या दुधाला आता हात लावायची सोय नाही. तेव्हा दोघीही हसल्या.

कवडीला नवलनं शेतातल्या खोपटात एकटीला ठेवलं. जिजी रोज तिला चारा घालून यायची आणि येऊन हात राखेनं घासायची. नवलची छाती नंदुरबारच्या डॉक्टरनं ठोकून पाहिली, आत काही सापडलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस नवल येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ठोकून दाखवायचा. धारोष्ण दूध मात्र सुटलं. चहा लागला.

तांबू परसात कडुलिंबाखाली वेगळी बांधली होती. दगूबाईचे ते दोन महिने वाईट गेले. आजवर तिला सगळं दुसरीपेक्षा जास्त हवं असायचं. आता तिला काही नको होतं, नुसती सपाट मान हवी होती. आणि मनात किडा वळवळत होता, की दोघी गायी एकाच आईच्या, एकाच गव्हाणीवर वाढलेल्या.

चैत्राच्या शेवटी डॉक्टर येऊन दुसऱ्या बाजूला टोचून गेला. तो वेशीबाहेर पडला नसेल, तोच दगूबाई फळीवरचा डबा घेऊन भिंतीशी आली.

“हाऊ डबा तुन्हाकडे ठेव, जिजी. मन्हा हातना भरोसा नही.”

जिजीनं डबा घेतला. शिवाय सूप आणि निवडायची डाळ घेऊन ती स्वतःच इकडे आली आणि लिंबाखाली तांबूपुढे बैठक मारून बसली. धाकटीचा भरवसा नाही म्हणते तर पुरता नाही धरलेला बरा. गुरुवार उजाडेपर्यंत घरचं आवरलं की जिजी तिथंच. दगूबाई जवळ आली की ती मान वर करून तिचे हात पाहायची. दगूबाई हात पसरून दाखवायची, उलटे आणि सुलटे. एकदा तांबूनं खुंटाला मान घासली तर दोघी एकदम ओरडल्या.

गुरुवारी डॉक्टरनं तांबूच्या मानेवरून अंगठा फिरवला. मापाचा चिमटा लावला.

“काही नाही,” तो म्हणाला.

“काहीच नही?”

“काहीच नाही बाई. सपाट. गाय निकोप आहे.”

दगूबाई घरात पळाली. गुळाची ढेप आणि घुंगुरमाळ दोन्ही घेऊन आली. माळ तांबूच्या गळ्यात घातली आणि काहीच झालं नाही याचा गूळ सगळ्या आळीत वाटला. जिजीनं आपला खडा तोंडात टाकला, सुपातली डाळ पाखडली आणि शांतपणे म्हणाली, “तुन्ही गायना आंगमा काहीच दम नही, दगू.”

“नही शे, जिजी,” दगूबाई म्हणाली. “जराबी नही.”

तांबूचं सकाळचं दूध नंदुरबारच्या पोरांसाठी जाऊ लागलं. संध्याकाळचं निम्मं, खळखळून उकळलेलं, लोट्यातून भिंतीवरून जिजीकडे. जिजी रोज तक्रार करायची, की इतकं उकळतेस की नुसती साय आणि राख उरते. दगूबाई म्हणायची, मग नको पाठवू का? लोटा मात्र दुसऱ्या दिवशी घासूनपुसून, त्यात मूठभर काहीतरी घालून, वेळेवर भिंतीवर यायचा.

बिब्ब्याचा डाग दगूबाईच्या गालावरून शेवटपर्यंत गेला नाही. पुढे भिलाची बायको आली, तिच्या मैत्रिणी आल्या, आणि नव्या पोरी विचारायच्या, की आत्याबाई, हे काय, देवी आल्या होत्या का? दगूबाई मांडी बदलून नीट बसायची. मग सांगायची, की एकदा नंदुरबारहून मोठा डॉक्टर आला होता, मापाचं यंत्र घेऊन, गावभरच्या गाठी पाहत. कवडीची पाहिली, तांबूची पाहिली आणि माझीही पाहिली. तिघींत मोठी माझी होती.

एवढं बोलून ती थांबायची आणि सगळ्या पोरी भिंतीकडे पाहायच्या. पलीकडे जिजी मिरच्यांचे देठ खुडत बसलेली असायची. ती नुसती खोकायची, आणि तो खोकला मिरचीचा नव्हता, हसू दाबल्याचा होता, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं.